काकूंचं कच्छी आजारपण

रेठरेकर सर घरी नसतील अशी वेळ हसीनानं आधीच हेरून ठेवली होती. मंगळवारी दुपारी ते दुसऱ्या वर्षाच्या मुलांचं प्रॅक्टिकल घेत. आम्ही दोघी त्यांच्या दाराची कडी वाजवून उभ्या राहिलो. दार काकूंनी उघडलं.

"सर कॉलेजात आहेत," त्या म्हणाल्या.

"म्हणून तर आलो," हसीना म्हणाली.

काकूंनी आम्हाला एकदा नीट न्याहाळलं आणि दार पूर्ण उघडलं.

ही कऱ्हाडची, त्र्याहत्तर सालची गोष्ट. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला भूगर्भशास्त्र घेतलेल्या आम्ही दोनच मुली, मी कुंदा इनामदार आणि हसीना मुजावर. बाकी सगळे मुलगे. सर दर डिसेंबरात वर्गाला घेऊन कच्छला जात. सोळा कोटी वर्षांपूर्वी कच्छवर समुद्र होता. त्या समुद्रात चकलीसारखा वळलेला शंख घेऊन पोहणारे प्राणी होते, त्यांना अमोनाइट म्हणतात. प्राणी केव्हाच संपले, त्यांच्या शंखांचे दगड तेवढे तिथल्या डोंगरांत उरले. आमच्याकडे कुठंही खणा, काळा कातळच लागतो, त्यामुळे अमोनाइट गोळा करायचे तर कच्छला जाण्यावाचून इलाज नव्हता. आणि मुलींना सर नेत नसत. बरोबर कोणी बाईमाणूस नाही, एवढंच कारण ते देत आणि आम्हाला प्रयोगशाळेच्या ट्रेमधले जुने नमुने चितारायला बसवत. सरकारी भूगर्भ खात्यात अर्ज करायचा तर फील्डवर्क केल्याचा दाखला हवा होता. हसीनाला त्याच खात्यात जायचं होतं आणि त्यापायी तिनं मिरजेचं एक चांगलं स्थळ घरच्यांना परतवायला लावलं होतं. दाखला मिळाला नाही तर पुढचं स्थळ परतवता येणार नाही, हे तिला वडिलांनी स्पष्ट सांगितलं होतं.

काकू वाटाणे सोलत होत्या. आमचं सगळं ऐकून घेईपर्यंत त्यांचा हात थांबला नाही. मी इकडेतिकडे बघत होते. भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकाचं घर, पण दगड नावाला दिसत नव्हता. आमच्या अंगणात चूल पेटवायला ठेवलेले तीन दगड होते, तेवढेही नव्हते.

"म्हणजे बाईमाणूस मिळालं की तुम्हाला न्यायला त्यांची हरकत नाही," काकू म्हणाल्या.

"असं ते वर्गात सगळ्यांसमोर म्हणाले आहेत," हसीना म्हणाली.

"तुम्ही इथं आलात हे त्यांना माहीत आहे?"

"नाही."

"बरं झालं," म्हणून काकूंनी सालांचं सूप बाजूला सारलं.

दुसऱ्याच दिवशी त्या पदर खोचून प्राचार्यांना भेटून आल्या. सरांना ही बातमी नोटीस बोर्डावर समजली. 'सौ. मनोरमा रेठरेकर विद्यार्थिनींसोबत असतील' ही ओळ त्यांनी दोनदा वाचली, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली. सर वर्गात कधी हसत नसत, रागावतही नसत. नुसतं बघत, आणि तेवढं पुरे होत असे. त्या दिवशी मात्र त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा भीती पाहिली. तिचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

घरी त्यांनी काकूंना परोपरीनं सांगून पाहिलं. विंचू आहेत, पाणी खारं आहे, उघड्यावर झोपावं लागतं, बाजरीची वाळकी भाकरी खाऊन दिवस काढावे लागतात. काकूंनी सगळं ऐकलं आणि विचारलं, मग तुम्ही दरवर्षी तिथून अंगानं भरून कसे येता? हे काकूंनीच आम्हाला गाडीत सांगितलं, आणि आम्ही तोंडात पदर कोंबून हसलो.

भुजपासून पुढे मोटी वीरडी नावाच्या गावापर्यंत आम्ही मिठाच्या ट्रकमधून गेलो. ट्रक थांबला तेव्हा अख्खं गाव पारावर गोळा झालेलं. पांढरं पागोटं घातलेले एक उंच म्हातारे पुढे आले आणि त्यांनी सरांना उचलायचंच काय ते बाकी ठेवलं. ते वेलजीभाई. त्यांच्या वाड्यात सरांचा दरवर्षी मुक्काम असे. सर त्यांच्या पाठीवर थापा मारत मोठमोठ्यानं हसत होते. आमच्या वर्गातला बाबर माझ्या कानाशी लागला. "कुंदा, सरांना दात आहेत," तो म्हणाला.

मागून वेलजीभाईंची बायको जीवाबेन आल्या. त्यांनी आम्हा दोघींच्या गालांवरून हात फिरवला आणि काकूंकडे बघून या कोण म्हणून विचारलं.

"मुलींच्या देखरेखीला आल्यात," सर म्हणाले आणि वळकट्या मोजायला लागले.

काकूंचं माहेर बडोद्याचं. सर हे विसरले असतील असं मला वाटत नाही, पण त्या क्षणी त्यांना दुसरं काही सुचलं नसावं. काकू स्वच्छ गुजरातीत म्हणाल्या, "मी यांची बायको."

जीवाबेन काकूंच्या पायांकडे बघायला लागल्या. मग त्यांनी दोन्ही हातांनी काकूंचे खांदे धरले.

"तुम्ही उभ्या आहात?" त्या म्हणाल्या.

पुढचं जे निघालं ते जीवाबेन रडत रडत सांगत होत्या आणि हसीना, जिला शेजारच्या गुजराती व्यापाऱ्यांमुळे थोडं गुजराती येत होतं, ती मला हळूच समजावत होती. मास्तरसाहेबांची बायको अंथरुणाला खिळलेली आहे. गेली अकरा वर्षं. दर वर्षी ट्रकमधून उतरले की जीवाबेन विचारतात, कशी आहे? आणि मास्तरसाहेब सांगतात, तशीच आहे. ती उठून चालायला लागेपर्यंत गूळ तोंडात घालणार नाही, असा नवस जीवाबेन टेकडीवरच्या माताजीला बोलल्या आहेत. अकरा वर्षांत त्यांनी गुळाचा खडा चाखलेला नाही.

काकूंनी सरांकडे पाहिलं. सर ट्रकच्या टायरकडे पाहत होते.

मुलींना कच्छला न नेण्याचं खरं कारण तेव्हा माझ्या लक्षात आलं. मुली आल्या की बाईमाणूस आलं, आणि बाईमाणूस शोधायला लागलं की पहिलं नाव घरातलंच.

आता इथे स्फोट होणार म्हणून मी हसीनाचा हात धरून ठेवला होता. काकू जीवाबेनच्या ओल्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी एक हात कपाळाला लावला, दुसऱ्यानं पाराशेजारी टाकलेली बाज चाचपली आणि हळूच तिच्यावर टेकल्या.

"थोडं थोडं उठता येतं हल्ली," त्या क्षीण आवाजात म्हणाल्या. "पण या प्रवासानं पार गळून गेले हो."

त्यांची बाज ओसरीवर टाकली गेली आणि त्यांचं आजारपण सुरू झालं. कऱ्हाडला दोन हातांत दोन कळशा घेऊन जिना चढणारी ही बाई इथं पाण्याचा पेला स्वतः उचलेना. जीवाबेनचं म्हणणं असं पडलं की अशा दुखण्यात नवऱ्याच्या हाताचा गुण येतो. मग सरांनी पाय चेपायचे, सरांनी दूध गाळून द्यायचं, सरांनी माशा वारायच्या. पहिल्या सकाळी ते हातोडा घेऊन आमच्याबरोबर निघाले, तर वेशीपर्यंत पोचायच्या आत गावातल्या बायका त्यांच्याकडे अशा बघायला लागल्या की ते आपणहून परत फिरले. अशा बाईला टाकून दगड फोडायला जातात, असं एक म्हातारी त्यांच्या तोंडावर म्हणाली.

"डावा पाय जास्त दुखतोय," काकू सांगत.

सर डावा पाय घेत.

"डावा म्हणजे माझा डावा."

बाबर हसू आवरण्यासाठी कडब्याच्या गंजीमागे जाऊन यायचा.

आमची मात्र चंगळ झाली. सरांनी हातानं नकाशा काढून दिला, कुठल्या घळीत उतरायचं आणि कुठल्या थरात शोधायचं ते बाजेशेजारी बसूनच समजावलं, आणि आम्ही पाठीला पिशव्या अडकवून मोकाट सुटलो. सर सोबत असते तर मुलींनी सावलीत बसून नोंदी करायच्या आणि मुलांनी हातोडे चालवायचे, असं झालं असतं. आता ज्याला जे दिसेल ते त्याचं. पिवळसर दगडांच्या उतारावर आम्ही ओणव्यानं सरकायचो. आधी नुसता दगडच दिसे. मग नजर बसली की त्यातून कंगोरे उमटायचे, कंगोऱ्यांचं वेटोळं व्हायचं, आणि हात आपोआप हातोड्याकडे जायचा. कडेकडेनं हलके ठोके द्यायचे, सुटला की वर्तमानपत्रात गुंडाळायचा. हसीनाचा हात हलका होता, तिचे अखंड निघायचे. माझ्या हातून निम्मे फुटायचे.

संध्याकाळी सगळे नमुने बाजेसमोर सतरंजीवर ओतायचे आणि सर एकेक उचलून ओळखून द्यायचे. पहिल्या दिवशी काकूंनी भिंतीकडे तोंड करून घेतलं. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी मी एक फुटलेला अमोनाइट मांडला आणि चुकलं म्हणून माफी मागायला लागले, तर सर म्हणाले, फुटला ते चांगलं झालं, आत बघता येईल. आत छोट्या छोट्या खोल्या होत्या, एकीला लागून एक, मधे पातळ भिंती, आणि प्रत्येकीत स्फटिक चमकत होते.

"प्राणी वाढला की पुढे नवी खोली बांधतो आणि जुनी मागून बंद करतो," सर सांगत होते. "राहतो फक्त शेवटच्या खोलीत."

"आणि मागच्या?"

हे काकूंनी विचारलं होतं. त्यांचं तोंड अजून भिंतीकडेच होतं.

सर दचकले. "मागच्यांत हवा असते," ते म्हणाले. "त्यांच्या जोरावरच तो तरंगतो. नाहीतर बुडेल."

काकूंनी हात लांब केला. मी तो तुकडा त्यांच्या तळव्यावर ठेवला. त्या रात्रीच्या जेवणापर्यंत त्यांनी तो परत दिला नाही, आणि सरांना पायही चेपायला सांगितले नाहीत.

पण दुसऱ्या सकाळी पुन्हा डावा पाय सुरू झाला.

त्याच दिवशी हसीनाला तो सापडला. ओढ्याच्या कोरड्या पात्रात आम्ही भाकरी खायला बसलो होतो. हसीना बसली होती तो दगड तिला टोचायला लागला म्हणून तिनं उठून खालची वाळू सारली. कंगोरे निघाले. आम्ही दोघींनी हातांनी उकरायला सुरुवात केली, मग बाबर आणि इतर मुलंही आली. उकरता उकरता त्याचा घेर वाढतच गेला. शेवटी सगळे मागे सरून उभे राहिलो. जात्याच्या पाळूएवढा अमोनाइट, तोंडापासून मध्यापर्यंत अखंड, नुकतंच कुणी तिथं आणून ठेवल्यासारखा.

त्याला हलवायचं कसं, कुठल्या बाजूनं सोडवायचा, आमच्यापैकी कोणाला ठाऊक नव्हतं. एक ठोका चुकला तर त्याचे तुकडे होणार. बाबर धावत जाऊन सरांना सांगून आला. सर निघाले का, आम्ही विचारलं. बाबर म्हणाला, सर उभे राहिले होते, पण तेवढ्यात जीवाबेन लेप वाटून घेऊन आल्या.

दुपारी मी आणि हसीना वाड्याच्या मागच्या बाजूला हौदावर नमुने धुवायला बसलो. ओसरी आणि हौद यांच्यामधे कुडाची भिंत होती. जीवाबेन माळावर गुरं बघायला गेल्या होत्या. सर काकूंशी बोलत होते, आणि त्यांचा तो वर्गातला आवाज नव्हता.

"मनोरमा, ऊठ आता. तिकडे ओढ्यात काय पडलंय तुला कल्पना नाही. मी इतकी वर्षं त्या थरात शोधतोय."

"मी आजारी आहे. अकरा वर्षं."

हसीनानं पाण्यातला हात तसाच ठेवला.

"का सांगितलंत असं?" काकूंनी विचारलं. आवाज चढवला नव्हता.

"तार इथं आली होती," सर म्हणाले. "बाळ गेल्याची. चार दिवस उशिरा. ती वेलजीभाईंच्या हातात पडली, त्यांनीच मला डोंगरात आणून दिली. तू अंथरुणात होतीस ते खरंच होतं. जीवाबेननी तेव्हाच नवस बोलला."

"आणि पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी तू उठली होतीस. घरातले सगळे दगड तू बाहेर टाकायला लावलेस, मी टाकले. तू स्वयंपाक करत होतीस, सगळं करत होतीस, पण माझ्याशी बोलत नव्हतीस. इथं उतरल्यावर त्यांनी विचारलं, बरी आहे का? मला कळेना काय सांगावं. तशीच आहे, म्हणालो. मग दर वर्षी तेच म्हणत गेलो."

मला तिथून उठून जावंसं वाटत होतं, पण उठले असते तर बादली वाजली असती.

"मी होतेच तशी," काकू म्हणाल्या.

मग बाज करकरली. आम्ही कोपऱ्यावरून डोकावलो तर काकू उभ्या होत्या आणि चपला शोधत होत्या.

"चला," त्या म्हणाल्या. "तुमचा हातोडा घ्या. मी चालत येणार आहे, आणि सावकाश नाही येणार."

त्या दोघांना वेशीतून जाताना सगळ्या गावानं पाहिलं. काकू पुढे, पदर खोचलेला, सर हातोडा आणि छिन्नी सांभाळत मागे जवळजवळ धावत. परवाची ती म्हातारी ओरडतच माळावर गेली आणि जीवाबेन गुरं तशीच टाकून पळत आल्या. आमच्या आधी गाव ओढ्यावर पोचलं. सर वाळूत गुडघे टेकून त्या अमोनाइटभोवती छिन्नीनं एकेक ठोका देत होते, काकू पदरानं धूळ पुसत होत्या, आणि वर काठावर बायका माताजीचा जयजयकार करत होत्या. सूर्य कलला तेव्हा तो अखंड सुटला. सरांनी हसीनाला बोलावून तिचा हात त्याच्यावर ठेवला आणि सर्वांना ऐकू जाईल असं सांगितलं, हा हिनं शोधला, कॉलेजात याच्यावर हिचंच नाव लागेल.

नवस फेडायचा राहिला होता. गुळाची अट जीवाबेनची होती, पण दुसरी अट मास्तरसाहेबांची निघाली, आणि ती त्यांना कोणी कधी सांगितलीच नव्हती. बायको चालायला लागली की नवऱ्यानं डोक्यावर नारळांची टोपली घेऊन अनवाणी टेकडी चढायची, ढोल वाजवत. आमचे सर देव मानत नसत. सत्यनारायणाच्या प्रसादालाही ते हात लावत नसत. त्यांनी आशेनं काकूंकडे पाहिलं.

"माझ्या तब्येतीचा प्रश्न आहे," काकू म्हणाल्या.

सर चढले. काटे टोचत होते, ढोलवाले त्यांच्या कानाशीच वाजवत होते, आणि बाबर कॉलेजच्या कॅमेऱ्यातला उरलेला सगळा रोल त्यांच्यावर संपवत होता. वर देवळात काकूंनी आपल्या हातानं जीवाबेनना गुळाचा खडा भरवला. जीवाबेननी तो चावला नाही. गालात धरून ठेवला आणि डोळे मिटून बसून राहिल्या. तेव्हा आमच्यातलं कोणीच हसलं नाही.

दाखला आम्हाला दोघींनाही मिळाला. हसीना खात्यात गेली आणि तिथूनच निवृत्त झाली. मी शिकवायला लागले. पुढच्या डिसेंबरात आमच्या कॉलेजातून पाच मुली कच्छला गेल्या, आणि मग हे कोणाला नवल राहिलं नाही. काकू दर वर्षी बरोबर असत. त्यांनी ते कसं जमवलं, हे मला परतीच्या गाडीतच समजलं होतं.

आम्ही निघताना जीवाबेन काकूंना मिठी मारून रडल्या होत्या, ते समजण्यासारखं होतं. पण नंतर त्या सरांकडे वळल्या आणि त्यांच्याही तोंडावरून हात फिरवून, जपा म्हणाल्या. वेलजीभाईंनी तर सरांना आधार देऊन ट्रकमध्ये चढवलं. गाडी अहमदाबादच्या जवळ आली तरी सर त्याच विचारात होते.

"तू निघताना त्यांना काय सांगितलंस?" त्यांनी शेवटी विचारलं.

"खरं तेच. मी बरी झाले, पण आता तुमची तब्येत बरी नसते. तुम्हाला एकटं कुठं पाठवायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय. जीवाबेननी नवस बोललाय."

"माझ्यासाठी?"

"तुम्ही बरे होईपर्यंत तुम्हाला तूप बंद."

वेलजीभाईंच्या घरच्या तुपासाठी सर काय करतील याचा नेम नव्हता, हे आम्ही त्या मुक्कामात पाहिलं होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला.

"पण मला झालंय काय?"

काकू खिडकीबाहेर बघत होत्या.

"ते मी अजून ठरवलं नाही," त्या म्हणाल्या.